घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अभिजात पुस्तकं: निवड, आवृत्त्या आणि रोजचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी 9 वर्षांची, मुलगा 12 वर्षांचा, दोघंही घरीच मराठीतून शिकतात. पुढच्या वर्षाचा भाषेचा अभ्यास अभिजात साहित्यावर उभा करायचा आहे. कोणती पुस्तकं घ्यावीत, संक्षिप्त आवृत्त्या चालतील का, सोबत कार्यपुस्तिका लागतात का आणि रोज किती वाचावं?

नावांची यादी कुठेही मिळते आणि ती बहुतेक वेळा बरोबरच असते. घोळ होतो तो त्यापुढे. त्याच नावाचं चाळीस पानी पुस्तक घरात येतं, नाहीतर पूर्ण पुस्तक येतं आणि ते मुलाच्या हातात एकट्याने वाचायला दिलं जातं. दोन्हीकडे शेवटी ऐकू येतं ते एकच, 'मुलांना जुनं काही आवडत नाही.' म्हणून नाव ठरवायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. हे पुस्तक कानाने घ्यायचं की डोळ्यांनी? आणि हातात आहे ते लेखकाचं लिखाण आहे की त्याच्या गोष्टीचा सारांश?

साधारण 13-14 वर्षांपर्यंत मुलाला ऐकून जेवढं समजतं, तेवढं स्वतः वाचून समजत नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या दोन याद्या हव्यात. मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तकं त्याच्या स्वतःच्या वाचनापेक्षा दोन-तीन वर्षं पुढची असू शकतात. स्वतः वाचायची पुस्तकं मात्र सोपीच असावीत, अगदी 'हे तर याला सहज येईल' असं वाटण्याइतकी. 9 आणि 12 वर्षांच्या भावंडांना वाचून दाखवायचं पुस्तक एकच ठेवा. फरक नंतरच्या कामात करा.

स्वतः वाचायचं पुस्तक पेलेल का हे पाहायला मधलं एखादं पान उघडा. पहिलं पान नको, तिथे लेखक वाचकाला सांभाळून घेत असतो. मुलाला सुमारे 100 शब्द मोठ्याने वाचू द्या. दोनच शब्द अनोळखी निघाले तर पुस्तक एकट्याने वाचण्याजोगं आहे. पाचच्या आसपास निघाले तर जवळ कोणीतरी बसायला हवं. दहा निघाले तर ते वाचून दाखवायच्या यादीत टाका. पण मराठीत ही कसोटी एकटी पुरत नाही. देवनागरीत लिहिलेलं बहुतेक तसंच उच्चारलं जातं, त्यामुळे मूल न समजलेला शब्दही न अडखळता वाचून जातं आणि अनोळखी म्हणून बोटही ठेवत नाही. म्हणून पान झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, 'काय झालं सांग.' ओघवतं वाचलं पण चार वाक्यं सांगता आली नाहीत, तर पुस्तक अजून अवघड आहे. उलट 9व्या वर्षीही सोप्या मजकुरात अक्षरांची सतत गल्लत होत असेल, ओळ सुटत असेल, तर तो पुस्तकाचा दोष नाही. डोळे तपासून घ्या आणि वाचनातल्या अडचणी जाणणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. तोवर कानाची यादी मुळीच थांबवू नका.

आता आवृत्त्या. इथे पाण्यासारखा पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जाऊ शकतं.

एका लेखकाने वाक्य न् वाक्य जुळवून लिहिलेलं पुस्तक असेल तर ते पूर्ण घ्या, नाहीतर दोन वर्षं थांबा. गोष्टच तोंडातोंडी फिरत आलेली असेल, किंवा मूळ ग्रंथ महाभारतासारखा अफाट असेल, तर चांगलं पुनर्कथन घ्यायला काहीच हरकत नाही. पंचतंत्राची निवडक आवृत्तीच मुलांना योग्य, कारण मूळ ग्रंथात मोठ्यांसाठीच्या कथाही आहेत. पुनर्कथन निवडताना एवढंच पाहा की माणसं सरळसरळ चांगली आणि वाईट अशी वाटून टाकलेली नाहीत ना. कर्ण निव्वळ खलनायक झालेला किंवा युधिष्ठिर कधीच न चुकणारा झालेला असेल, तर ते पुस्तक परत ठेवा.

काटछाट ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे प्रकरणं मोजणं. 'श्यामची आई'त 42 रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत. 'ट्रेझर आयलंड'ची 34 प्रकरणं, 'पिनोकिओ'ची 36, 'ॲलिस'ची 12, 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणे'ची 37. 'गलिव्हर'चे भाग चार, पण मुलांच्या आवृत्त्या बहुधा बुटक्यांच्या आणि राक्षसांच्या देशांवरच संपतात. अनुक्रमणिका जुळली नाही की समजायचं, हे दुसऱ्या कोणाचं पुस्तक आहे. 'रॉबिन्सन क्रूसो'त हा उपाय चालत नाही, कारण 1719च्या मूळ पुस्तकाला प्रकरणंच नाहीत. तिथे एक विशिष्ट प्रसंग शोधा, होडीचा.

क्रूसो बेटावरून सुटायला एक प्रचंड झाड पाडून त्याची होडी कोरतो. बुंधा तोडायला 20 दिवस, फांद्या छाटायला 14, बाहेरून आकार द्यायला महिना आणि आतून पोखरायला जवळजवळ तीन महिने. होडी सुरेख होते. पाणी फक्त 100 यार्डांवर, पण मधे चढ. तो चढ खोदून उतार करतो, तरी होडी हलत नाही. मग पाणीच होडीपर्यंत आणावं म्हणून कालव्याचा हिशोब मांडतो आणि एकट्याच्या हातांनी 10-12 वर्षं लागतील हे लक्षात आल्यावर सोडून देतो. संक्षिप्त आवृत्तीत याचं एक वाक्य होतं: त्याने होडी केली, पण ती फार जड होती. गोष्ट तीच राहिली असं वाटतं, पण गेलं ते सगळं मोलाचं. महिनोन्महिने घाम गाळून, हिशोब मात्र शेवटी करणारा माणूस मुलाला भेटलाच नाही. मातीच्या भांड्यांचंही तसंच. पूर्ण पुस्तकात दोन महिन्यांच्या खटपटीनंतर कशीबशी दोन बेढब भांडी होतात, आणि बाकीची का फसली तेही कळतं: कुठे माती पुरेशी चिकट नव्हती, कुठे उन्हाने तडे गेले. घरी शिकणाऱ्या मुलाला फसलेल्या प्रयत्नांचं इतकं प्रामाणिक वर्णन क्वचितच वाचायला मिळतं.

याच होडीवर दोघांचं काम वेगळं करता येतं. 9 वर्षांच्या मुलीने दिवसांची बेरीज करावी (महिना 30 दिवसांचा धरला तर 154), होडीचं चित्र काढून पाणी आणि चढ दाखवावा आणि तोंडी सांगावं. 12 वर्षांच्या मुलाने अर्धं पान लिहावं: कोणत्या दिवशी थांबून त्याने कोणता प्रश्न विचारायला हवा होता?

पूर्ण पुस्तक म्हटलं की त्यातला नको वाटणारा भागही आला. क्रूसो आपल्यासोबत पळून आलेल्या झुरी या मुलाला एका कप्तानाला 60 चांदीच्या नाण्यांना देऊन टाकतो. पुढे त्याला याचं वाईट वाटतं, ते राबायला माणूस कमी पडल्यावर. हा भाग कापू नका आणि घाईघाईत वाचूनही टाकू नका. आदल्या रात्री तुम्ही स्वतः पुढचा भाग वाचून ठेवा, जिथे थांबायचं तिथे खूण करा आणि मोठ्या मुलाला विचारा, 'त्याला नेमकं कशाचं वाईट वाटतंय?' उत्तर तुम्ही सांगू नका. 1719मध्ये गुलामांचा व्यापार जोरात होता, खुद्द नायक त्याच मोहिमेवर निघालेला असताना त्याचं जहाज फुटतं, हे सांगितलं की मूल पुढचं जोडून घेतं. लहान मुलगी सोबत असेल तर एवढंच पुरे की हे अन्यायाचं होतं आणि तेव्हाही ज्याच्यावर ते ओढवलं त्याला ते अन्यायाचंच वाटलं असणार.

भाषांतर असेल तर आणखी एक प्रश्न: कोणत्या भाषेतून? 'हायडी' मूळ जर्मन, 'पिनोकिओ' इटालियन, ज्यूल व्हर्न फ्रेंच. मराठी भाषांतर बहुधा इंग्रजीवरून झालेलं असतं, आणि इंग्रजीतच काटछाट असेल तर ती तशीच मराठीत उतरते. व्हर्नच्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीचं जे जुनं इंग्रजी भाषांतर अनेक दशकं प्रचलित होतं, त्यात मूळ मजकुराचा सुमारे पाचवा हिस्सा गाळलेला होता आणि शास्त्रीय तपशिलांत चुका होत्या. म्हणून श्रेयनामावलीचं पान वाचा. कशावरून भाषांतर केलं हे तिथे सांगितलेलं असेल, तर ती चांगली खूण. नंतर एक परिच्छेद मोठ्याने वाचा. 'ज्याने की', 'असा तो होता जो' अशा वळणांवर जीभ अडखळायला लागली तर 200 पानं वाचून दाखवणं शक्य नाही, पुस्तक कितीही थोर असो. मुलांसाठी खेळकर मराठीत आणलेलं काय असतं ते पाहायचं असेल तर भा. रा. भागवतांनी केलेली व्हर्नची रूपांतरं घ्या. ती शब्दाला शब्द नाहीत, पण वाचून दाखवायला विलक्षण सोपी आहेत. पूर्ण पुस्तकच घ्यायच्या वरच्या नियमाला मी इथे अपवाद करेन.

जुन्या मराठी पुस्तकांत लेखनाचा प्रश्न येतो. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या छपाईत 'घरांत', 'नाहीं', 'त्यानें' असे अनुस्वार सापडतील. वाचून दाखवताना त्याने काही बिघडत नाही. पण मूल अजून लेखन घोटवत असेल तर त्याच पानावरून नक्कल करायला देऊ नका, ते अनुस्वार वहीत शिरतात आणि मग काढता काढता वर्ष जातं. नकलेसाठी आजच्या नियमांनी छापलेली आवृत्ती घ्या. 12 वर्षांच्या मुलाला मात्र जुनं पान मुद्दाम दाखवा आणि सांगा की यातले पुष्कळ अनुस्वार व्याकरणाने येतात: 'घरांत'मधला सप्तमीचा, 'त्यानें'मधला तृतीयेचा. विभक्ती शिकवायला याहून चांगलं साधन नाही.

मोफत मिळणाऱ्या स्कॅन प्रतींबद्दल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी 1950मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लिखाण 2011पासून मुक्त आहे. भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो. क्रूसो मुक्त आहे म्हणून त्याचं कालपरवाचं मराठी भाषांतर मुक्त होत नाही. स्कॅनमध्ये अनुस्वार आणि उकार पुसट होतात, आणि यंत्राने अक्षरं ओळखून तयार केलेल्या मजकुरात घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल झालेली असते. अशी प्रत तुमच्यासाठी ठीक. मुलाच्या हातात छापील द्या, ठळक टाइप आणि ओळींत मोकळी जागा असलेली. जोडाक्षरं दाटीवाटीने छापली असली की चांगला वाचणाराही थकतो.

किती पुस्तकं? हिशोब करून पाहा. मोठ्याने वाचण्याचा निवांत वेग मिनिटाला 110-120 शब्द. अर्ध्या तासात 3,300च्या आसपास शब्द होतात, पानावर 250 धरले तर 13 पानं. थांबणं, प्रश्न, गप्पा धरून 9. म्हणजे 300 पानी पुस्तकाला 33-34 बैठका, आठवड्याला पाच धरल्या तर सात आठवडे. 36 आठवड्यांच्या वर्षात पाच बसतात, तुम्ही चार धरा. आजारपण, प्रवास, पाहुणे यांत एक पुस्तक जातंच. वीस पुस्तकांची यादी भिंतीवर लावली की दिवाळखोरी ठरलेली: ऑक्टोबरात मागे पडल्याची टोचणी लागते, मग वेग वाढतो, गप्पा बंद होतात, आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं तेच निघून जातं.

चारांतलं एक 'श्यामची आई' असू द्या. 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आश्रमात रोज रात्री सांगितलेल्या आठवणींच्या रूपात मांडलेलं हे पुस्तक वाचून दाखवण्यासाठीच आहे. आठवड्याला दोन रात्री घेतल्या तर 21 आठवडे चालतं, त्यामुळे ते दुसऱ्या पुस्तकाच्या जोडीला ठेवता येतं. इथे बिघडतं ते मोठ्यांमुळे. 'बघ, श्याम कसा होता' असं एकदा जरी म्हटलंत तरी मूल मनातून दूर होतं. खरं तर श्याम पुष्कळदा हट्टी आहे, खोटं बोलतो, चुकतो. वाचा आणि गप्प राहा. शेवटाकडे कर्ज, अपमान आणि आईचं जाणं येतं. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर हे पुस्तक वर्षभर पुढे ढकला.

एकट्या 12 वर्षांच्या मुलासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातले निवडक भाग घ्या. औपचारिक शाळा न शिकलेल्या बाईची इतकी जिवंत, बोलती भाषा मुलांच्या लिखाणाला मोकळं करते. पतीच्या धर्मांतराचा, 1895च्या सुमाराचा भाग येईल, तेव्हा त्या काळाचा इतिहासही सोबत वाचा. आणि एक विनोदी पुस्तक हवंच. चिं. वि. जोशींचा चिमणराव मोठ्याने वाचला तर अजूनही हसवतो. सगळंच गंभीर ठेवलं तर अभिजात म्हणजे रडकं असा समज पक्का होतो.

पंचतंत्रात दोन गोष्टी सांभाळा. एक, गोष्टीत गोष्ट. पात्रच दुसरी गोष्ट सांगायला लागतं आणि मूल मूळ धागा हरवून बसतं. वहीत प्रत्येक नवी गोष्ट उघडली की तिचं नाव एक बोट आत सरकवून लिहा, संपली की परत बाहेर या. पाचव्या-सहाव्या दिवशी मूल स्वतःच सांगतं, 'आता आपण दोन गोष्टी आत आहोत.' दुसरं, तात्पर्य. मूळ रचनेत बहुधा श्लोक आधी येतो, ऐकणारा 'ते कसं?' असं विचारतो आणि उत्तर म्हणून गोष्ट सुरू होते. आपल्या पुस्तकांत शेवटी चौकटीत तात्पर्य छापून हे उलटं केलेलं असतं. चौकटीवर कागद चिकटवा. मुलाला स्वतःचं वाक्य काढू द्या, मग कागद उचलून ताडून पाहा. पुष्कळदा मुलाचं वाक्य जास्त अचूक असतं.

कवितेला पंधरवड्यात एक, वर्षात 18. बालकवींची 'औदुंबर' आठच ओळींची आहे. अर्थ सांगून सुरुवात करू नका. तीन दिवस फक्त मोठ्याने म्हणा. चौथ्या दिवशी रंगपेटी द्या आणि कवितेतला प्रत्येक रंग आला त्या क्रमाने कागदावर लावायला सांगा. हिरव्या-निळ्यापासून पांढऱ्या पायवाटेवरून काळ्या डोहाकडे जाणारी ती वाट मुलाला डोळ्यांनी दिसते. तो औदुंबर तिथे का बसलाय, हे मग विचारा, किंवा विचारूही नका.

विकतच्या कार्यपुस्तिका बहुतेक टाळा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले यांत मूल पुस्तक चाळून उत्तर शोधायला शिकतं, वाचायला नाही. त्याऐवजी वाचन झालं की कथन: पुस्तक मिटून, मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं, तुम्ही मधे दुरुस्ती करायची नाही. ही रीत शार्लट मेसन (1842–1923) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनी रुजवली. सहा वर्षांच्या आधी मुलाकडून कथनाची अपेक्षाच ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलीकडून रोज तोंडी घ्या. मुलाकडून आठवड्याला एक लेखी, पाऊण पान, बाकी तोंडी. मूल 'आठवत नाही' म्हणालं तर भाग मोठा झालाय. प्रकरणाऐवजी एक परिच्छेद वाचा आणि तेवढंच विचारा. त्याच पुस्तकातल्या 3-4 ओळी मुलीला, 8-10 मुलाला नकलेसाठी द्या. आठवड्याच्या शेवटी त्याच ओळींचं श्रुतलेखन घ्या, म्हणजे मूल चुकीचं रूप लिहून पक्कं करण्याआधी बरोबर रूप बघतं.

शब्दांची वही ठेवा, पण दिवसाला तीनच शब्द. आधी पुस्तकातलं वाक्य, मग मुलाचा अंदाज, मग कोश. जुन्या घरगुती शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938, सात भाग) इंटरनेटवर शोधता येतात. व्यक्ती, ठिकाणं, संज्ञांसाठी मराठी विश्वकोश आहे. भिंतीवर एक जगाचा नकाशा आणि एक लांब कागदाची काळरेषा, बस्स.

गणिताला हे काही लावू नका. होडीची बेरीज ही गंमत आहे, गणिताला पायरीपायरीने जाणारं पुस्तक आणि रोजचा सराव लागतो. विज्ञानालाही नियमित पाठ्यपुस्तक हवं. जोडीला 12 वर्षांच्या मुलाला मायकेल फॅराडेंची मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं (1860-61) देता येतील, मुलांसमोरच दिलेली. ज्योतीवर थंड चमचा क्षणभर धरून त्यावर धरणारं दव दाखवता येतं. ज्योत असेल तिथे मोठं माणूस हजर हवं.

पुस्तक सोडायचं कधी, हेही आधी ठरवा. पाच बैठकांनंतरही कथनात दोन-तीन वाक्यांपलीकडे काही येत नसेल तर ते कपाटात ठेवा आणि मागच्या पानावर तारीख लिहा. वर्षाने पुन्हा काढा. नोंदवहीत रोज तारीख, पानं आणि मुलाचं कथनातलं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, एवढं पुरतं. पहिल्या आठवड्यातलं एक कथन फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि तिसऱ्या महिन्यात तेवढ्याच लांबीच्या भागाचं दुसरं घ्या. दोन्ही लागोपाठ ऐकताना 'आणि मग, आणि मग' किती वेळा येतं ते मोजा, आणि त्याच्या जागी 'कारण', 'तरीसुद्धा', 'एवढ्यात' कुठे आले ते टिपून ठेवा. पुढचं पुस्तक किती अवघड घ्यायचं हे त्यावरून ठरवता येतं.